वही आधी, कपाट नंतर

गावातल्या संग्रहालयात वस्तू येते ती बहुतेक वेळा पोत्यात गुंडाळून. घर पाडायला काढलेलं असतं, माळा रिकामा करताना काहीतरी हाताला लागतं आणि घरातलं कोणीतरी ते काखेत मारून संध्याकाळी दारात उभं राहतं. "भंगारवाला किलोवर मागत होता, म्हटलं तुम्हाला लागतंय का बघा." पोतं सोडलं की आत पायली निघते. पितळी, काठाला जराशी चेपलेली, बुडाशी काळपट.

ही पायली दारातून आत आली की फळीवर जाईपर्यंत तिचं काय काय होतं, ते इथे सावकाश सांगतो. गावकऱ्यांनी पगाराशिवाय, आपापला वेळ काढून चालवलेलं संग्रहालय आतून कसं चालतं, हे कळायला एका वस्तूचा एवढा प्रवास पुरतो.

आणणारा बहुधा पहिलाच प्रश्न विचारतो: "किती जुनी असेल?" वय पुढे कधीतरी अंदाजाने ठरतं. आपण विचारायचं ते वेगळं. कोणाच्या घरातली? घरात ती कोण हाताळायचं? काय मापायचं, खळ्यावरचा जोंधळा की दारात आलेल्याला द्यायचं धान्य? शेवटची कधी वापरली? पितळी पायल्या महाराष्ट्रभर हजारोंनी झाल्या. या पायलीला वेगळी करतात ती या प्रश्नांची उत्तरं. ती उत्तरं ज्या आजीला ठाऊक आहेत ती आज ओसरीवर बसलेली आहे, पुढच्या वर्षी असेलच असं नाही. म्हणून चहा ठेवायच्या आधी वही उघडायची.

माप म्हणून पायलीची एक गंमत आहे. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली, ही उतरंड पुष्कळांना तोंडपाठ असे. पण एका मुलखातली पायली दुसऱ्या मुलखातल्या पायलीएवढी असेलच असं नव्हतं, आणि मण किती पायल्यांचा यावरही एकमत नव्हतं. दशमान वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला आणि पुढच्या काही वर्षांत बाजारातून ही मापं उठली. घराघरांतून मात्र ती कितीतरी वर्षं चालत राहिली. म्हणून आलेली पायली काठोकाठ पाण्याने भरायची आणि ते पाणी लिटरच्या मापाने मोजून आकडा लिहून ठेवायचा. मग पायली लगेच कोरडी पुसायची. एवढ्या दहा मिनिटांच्या कामातून आपल्या गावाची पायली नेमकी केवढी होती ते कळतं, आणि हे कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.

या वहीवर मी इतका का अडून बसतो, ते सांगायला तेरला जावं लागेल. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणा नदीकाठचं हे गाव. संत गोरा कुंभारांची समाधी तिथे आहे, त्यामुळे वारकऱ्यांना ते ठाऊक असतंच. पण त्याच्याही कितीतरी आधी, सातवाहनांच्या काळात, हे तगर नावाचं भरभराटीचं नगर होतं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याची नोंद आहे. तिथलं कापड गाड्यांमधून भडोचच्या बंदराकडे जाई. गावाभोवतीच्या पांढरीच्या टेकाडांवर पाऊस पडला की मणी, नाणी, मातीच्या मूर्तींचे तुकडे उघडे पडत. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी ते आयुष्यभर गोळा केले. या संग्रहात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी तिचं नातं अभ्यासक जोडतात. पुढे हा संग्रह शासनाकडे गेला आणि आज तेरचं शासकीय संग्रहालय लामतुऱ्यांच्याच नावाने उभं आहे.

लामतुऱ्यांनी हे केलं नसतं तर त्यातलं पुष्कळसं विखुरलं असतं, हरवलं असतं. त्यांच्याबद्दल मनात आदराशिवाय दुसरं काही येत नाही. पण पृष्ठभागावर उचललेला मणी आणि उत्खननात थरातून निघालेला मणी यांत पुरातत्त्वज्ञ फरक करतात, तो समजून घेण्यासारखा आहे. थरातला मणी आपल्यासोबत शेजाऱ्यांची साक्ष घेऊन येतो: कुठल्या नाण्याबरोबर, कुठल्या खापराखाली, किती खोल. पावसाने उघडा पडलेला मणी ती साक्ष गमावून बसलेला असतो. माळ्यावरच्या पायलीचंही तसंच आहे. माळा, घर आणि माणूस हे तिचे थर. ते आपण त्याच दिवशी लिहून घेतले नाहीत तर एक चांगली वस्तू पृष्ठभागावरचा तुकडा होऊन बसते, आणि हे नुकसान आपल्या हातून, आपल्या डोळ्यांदेखत होतं.

मराठी मुलखात गोळा करून ठेवण्याची परंपरा जुनी आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायी हिंडून जुने कागद जमवत. वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला किंवा चुलीत जाण्याआधी कागद हाती यावेत, एवढीच त्यांची धडपड. त्यांच्या पुढाकाराने १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे असं घरगुती वापरातलं जमवायला सुरुवात केली आणि त्या संग्रहाला दिवंगत मुलाचं, राजाचं नाव दिलं. त्या काळी या वस्तू कोणी 'इतिहास' मानत नव्हतं. गावातलं छोटं संग्रहालय केळकरांच्या या नजरेचं ऋणी आहे, मग चालवणाऱ्यांना ते ठाऊक असो वा नसो.

एका माणसाच्या ध्यासावर उभ्या राहिलेल्या संग्रहाची एक अडचण असते. तो माणूस गेल्यावर काय? म्हणून गावाने हे काम हाती घ्यायचं असेल तर सुरुवातीलाच कागद करावा लागतो. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था काढायला किमान सात सभासद लागतात. मग १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंद. दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचे, विश्वस्त बदलले की तसा अर्ज करायचा. हे काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक मंडळं इथेच ढिली पडतात. घटनेत एक कलम मात्र कधीही विसरू नये: संस्था बंद पडली तर वस्तू कोणाकडे जातील. जिल्ह्यातलं दुसरं संग्रहालय, विद्यापीठ, जे ठरेल ते, पण नाव लिहिलेलं हवं. ते नसेल तर पंचवीस वर्षांनी कुलूपबंद खोलीसमोर चार पुढारी उभे राहतात आणि आतली भांडी कोणाची यावर वाद घालतात.

जागेचंही तसंच. जुनी शाळाखोली, वापरात नसलेली चावडी, कोणा वाड्याचा पुढचा सोपा, काहीही चालतं. फक्त ती तोंडी मिळालेली नसावी. "राहू द्या की, घरचंच आहे" असं म्हणणारे दादा मनापासून म्हणतात, पण त्यांचा मुलगा पुढे काय म्हणेल हे त्यांनाही सांगता येत नाही.

आता पायलीकडे परत येऊ. ती घ्यायची की नाही, हे अजून ठरलेलं नाही.

गावात नाही म्हणणं फार अवघड जातं. समोरचा माणूस ओळखीचा असतो, बऱ्याचदा नात्यातला, आणि त्याने आपल्या आजीची आठवण आपल्यासमोर ठेवलेली असते. पण सुरुवातीच्या उत्साहात सगळ्याला हो म्हणणारं संग्रहालय दोन वर्षांत गोदाम होतं. जाती घ्या म्हटलं तर गावात साठ निघतील. तीन पुरे आहेत: एक दळायचं, एक भरडायचं, आणि तिसरं ज्याची हकिकत पक्की ठाऊक आहे ते. बाकीच्यांचा फोटो काढायचा, हकिकत लिहून घ्यायची आणि जातं सन्मानाने घरी परत पाठवायचं. लोक याला राग मानत नाहीत, असं मी अनुभवाने सांगतो. आपल्या आजीचं नाव वहीत चढलं, यानेच त्यांचं समाधान होतं.

घ्यायची ठरली तर दान की ठेव, हे त्याच बैठकीत ठरवायचं. दान म्हणजे मालकी संस्थेची. ठेव म्हणजे मालकी त्यांचीच, आपण राखणदार, आणि किती वर्षांसाठी तेही लिहायचं. एका पानाचं दानपत्र, दोन सह्या, दोन साक्षीदार, एक प्रत त्यांच्याकडे. घरात भाऊ वेगळे झाले असतील तर सगळ्यांची संमती घ्यावी. एकाने प्रेमाने दिलेली समई दुसऱ्याने भांडून परत नेली, असं घडायला वेळ लागत नाही, आणि त्यात संस्थेचं नाव जातं.

काही वस्तूंच्या बाबतीत कायदा मध्ये उभा असतो. शेत नांगरताना नाण्यांचं गाडगं निघालं तर ते संग्रहालयात आणायचं नसतं. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुन्या दगडी, धातूच्या वा लाकडी मूर्तींना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो, त्यांची नोंदणी करून घ्यावी लागते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. हरणाची शिंगं, बिबट्याचं कातडं भिंतीवर शोभेल असं वाटतं, पण त्याला वन्यजीव कायद्याखालचा मालकीचा दाखला लागतो. तो नसेल तर हात लावू नये. ठासणीची बंदूक कोणी आणली तर ती आत घेण्याआधी पोलीस ठाण्यात विचारायचं. आणि पूजेतली मूर्ती कधीही मागू नये, मग ती कितीही देखणी असो. तिची जागा देवघरात आहे.

पायलीला यातलं काही लागू नाही. तिला क्रमांक मिळतो. जगभरच्या लहान संग्रहालयांत रुळलेली सोपी पद्धत तीन आकड्यांची आहे: साल, त्या सालातलं कितवं दान, आणि त्या दानातली कितवी वस्तू. २०२४.७.१ म्हणजे २०२४ मधलं सातवं दान, त्यातली पहिली वस्तू. त्याच घरातून अडकित्ता आणि रवीही आली असेल तर ती २०२४.७.२ आणि २०२४.७.३. क्रमांकावरूनच कळतं की या तिन्ही वस्तू एका माळ्यावरच्या आहेत. वही बांधीव हवी, सुटी पानं नकोत. शाई पक्की, खाडाखोड नाही, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं. संगणकावर जरूर चढवा, पण संगणक वहीची नक्कल आहे, हे लक्षात ठेवून.

क्रमांक वस्तूवर असा लिहायचा की उद्या काढायचा म्हटलं तर निघाला पाहिजे. धातूवर पॅरालॉइड बी-७२ नावाची राळ अॅसिटोनमध्ये विरघळवून तिचा नखाएवढा पातळ थर द्यायचा, वाळल्यावर त्यावर बारीक शाईने लिहायचं, वरून पुन्हा एक थर. लुगड्याला किंवा घोंगडीला सुती पट्टीवर क्रमांक लिहून ती पट्टी दोन टाक्यांनी शिवायची. कागदावर आणि फोटोच्या पाठीमागे मऊ शिसपेन्सिल, हलक्या हाताने. बॉलपेन नाही, चिकटपट्टी नाही, स्टेपल नाही.

यानंतरचा टप्पा माझ्या मते सगळ्यात धोक्याचा आहे, कारण त्यात प्रेम असतं. पायली काळी दिसते, आणि आपल्याकडे काळं पितळ दिसलं की हात आपोआप चिंचेकडे जातो. सणाच्या आदल्या दिवशी भांडी लखलखीत करणं हा घराचा मान असतो, त्यामुळे मदतीला आलेल्या ताई प्रेमाने तेच करतात. पहिल्या वर्षी मीही एक हंडा चिंच आणि राखेने स्वतः घासला. झळाळी आली. पण हंड्याच्या गळ्याशी नाव आणि साल कोरलेलं होतं, ठिपक्या-ठिपक्यांनी, भांडीवाल्याच्या टोचणीने. ते निम्मं पुसलं गेलं. आहेरात आलेल्या भांड्यावर कोणी, कोणाला, कधी दिलं हे कोरून घ्यायची आपली रीत म्हणजे गावाचा लेखी इतिहासच आहे. गावातल्या पुष्कळ बायकांची नावं सातबाऱ्यावर नसतील, पण हंड्यावर, परातीवर, पिंपावर आहेत. ती मी घासून काढली. आता आमच्याकडे नियम आहे: मऊ कोरड्या कुंच्याने धूळ झाडायची, बाकी काही करायचं नाही. काठाची झीज, बुडाचा काळेपणा, चेपलेली बाजू, हे सगळं तिने केलेल्या कामाची खूण आहे.

पाऊस हा या कामाचा खरा परीक्षक. हवेत दमटपणा पासष्ट टक्क्यांच्या वर टिकला की बुरशी धरते, आणि जून ते सप्टेंबर कोकणातच काय, देशावरही तो तिथे सहज पोहोचतो. वस्तू भिंतीला टेकवून ठेवायच्या नाहीत, चार बोटं अंतर सोडायचं. जमिनीवर काहीही नाही, विटांवर फळी टाकून त्यावर. खोलीच्या कोपऱ्यांतून वाळवीची मातीची नळी दिसते का, हे दर आठवड्याला बॅटरी घेऊन बघायचं. लाकडाखाली पिठासारखा बारीक भुसा पडला असेल तर आत भुंगा जिवंत आहे. औषध मारायच्या आधी एक साधा उपाय आहे. लहान लाकडी वस्तू किंवा कापड प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवलं तर कीड मरते. घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या खणात ते साधत नाही, पण गावातला आइस्क्रीमवाला हिवाळ्यात जागा देतो. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, आतली वस्तू खोलीइतकी गरम होऊ द्यावी, नाहीतर तिच्यावर पाणी सुटतं.

मोडीतले कागद आले तर त्यांना लॅमिनेशन करू नये, हे मी हात जोडून सांगतो. प्लास्टिकच्या दोन पापुद्र्यांत उष्णतेने चिकटवलेला कागद पुन्हा सुटा होत नाही. जुन्या दप्तरखान्यांत कागद सुती रुमालात बांधून ठेवत, आणि ती पद्धत आजही उत्तम आहे. धुऊन खळ काढलेलं मांजरपाट घ्यावं, कागद मध्ये ठेवून रुमाल बांधावा. आत वेखंड ठेवायचं तर पुरचुंडीत, कागदाला न लागता. मोडी वाचणारं कोणी मिळेपर्यंत फोटो काढून ठेवावेत.

इथवर पायली सुखरूप झाली. पण फळ्यांवरून नजर फिरवली की एक गोष्ट टोचते. संग्रहालयात येतं ते ज्यांच्या घराला माळा होता त्यांचं. वाड्यातून समई, पेटारा, तलवार, पानाचा डबा येतो. ज्याचं घर कुडाचं होतं त्याची वस्तू वापरून झिजली, फुटली, शेवटी चुलीत गेली. गावकुसाबाहेरच्या वस्तीने माळ्यावर काय ठेवलेलं असणार? महार वतन १९५८ च्या कायद्याने संपलं. त्या वतनाची कामं काय होती, रात्री-बेरात्री कोणाला कुठे धाडत, हे सांगणारी वस्तू क्वचित मिळते. सांगणारी माणसं मिळतात. १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावावर खडी फोडलेल्या, सुकडी खाऊन दिवस काढलेल्या बायका आज गावोगाव आहेत. आमच्या फळीवर एक खडी फोडायचा हातोडा आहे, दांडा नसलेला. माझ्या लेखी तो तलवारीच्या वरच्या खणात हवा, आणि तिथेच आहे.

म्हणून आवाज साठवणं हे लहान संग्रहालयाचं अर्ध्याहून मोठं काम आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाहून जास्त भरल्या. नुसत्या शब्दांबरोबर गाणारीचं नाव आणि गाव त्यांनी नोंदवलं, म्हणून ते काम उभं राहिलं. आपल्याला फोनवर ध्वनिमुद्रण करता येतं. सुरुवातीला तारीख, ठिकाण, बोलणारीचं नाव तिच्याच तोंडून घ्यायचं, कोणाला ऐकवलं तर चालेल हे विचारायचं. "हे माझ्या मागं ऐकवा" असं कोणी म्हटलं तर तसं वहीत लिहायचं आणि पाळायचं.

मांडणीचं फार सांगत नाही. चिठ्ठी चाळीस-पन्नास शब्दांची, चष्मा न लावता वाचता येईल अशी, आणि तिच्यात वस्तूचं गावातलं नाव आधी. कापड आणि कागद उन्हाच्या तिरिपेत ठेवू नयेत, उडालेला रंग परत येत नाही. उघडायचे दिवस आठवडी बाजार आणि जत्रा, कारण रविवारी गाव शेतात असतं. किल्ल्या दोन, दोन वेगळ्या आळींतल्या माणसांकडे. प्रत्येक वस्तूचे चारही बाजूंनी फोटो, आणि वहीची छायाप्रत गावाबाहेर कुठेतरी. पाळी लावलेल्या सभासदांत दोन तरी पंचविशीच्या आतले हवेत. त्यांना झाडू आधी देऊ नका, वही द्या.

जत्रेच्या दिवशी माहेरी आलेल्या एक म्हाताऱ्या मावशी पायलीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्याच्यात शीग लावून देत नव्हते हो. हात फिरवून देत." शीग म्हणजे मापाच्या काठावर चढणारी धान्याची रास, शिगेला पोहोचणं म्हणतो ती हीच. मजुरीचे दाणे देताना काठाबरोबर हात फिरवून सपाट, आणि उसने दिलेले परत घेताना शिगोशीग. म्हणून या पायलीचा काठ एका बाजूने झिजलेला. आम्ही इतके दिवस ती झीज बघत होतो.

मावशींना खुर्ची दिली, वही काढली. २०२४.७.१ च्या नोंदीखाली चार ओळी कोऱ्या सोडलेल्या होत्या. प्रत्येक नोंदीखाली सोडतो तशाच. त्यातली पहिली ओळ, तारीख घालून, त्यांच्या नावाने लिहिली.